गार्डनरचा विक्का: खरंच जुना धर्म, की विसाव्या शतकात घडवलेला?

पानगळ

गेल्या आठवड्यात आमच्या वाचनगटात युरोपातल्या चेटकीण-खटल्यांचा विषय निघाला. एक मैत्रीण ठामपणे म्हणाली, विक्का हा युरोपचा ख्रिस्तपूर्व धर्म आहे, चर्चने एवढ्या बायका जाळल्या तरी तो रानावनांत लपूनछपून टिकला आणि विसाव्या शतकात परत उजेडात आला. मला ते पटलं नाही. वाद अर्धवट राहिला, तो इथे पुढे नेते आहे.

माझं म्हणणं असं की विक्का साधारण १९३९ ते १९५८ या काळात घडला. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर सुरुवात झाली आणि लंडनच्या आसपास त्याला आकार आला. तो घडवणाऱ्या माणसांची नावं आपल्याला ठाऊक आहेत. त्याला दोन-चार हजार वर्षं जुना म्हटलं की या माणसांच्या, त्यातही एका बाईच्या, मेहनतीवर पाणी पडतं. मला याचाच जास्त राग येतो.

विषय नवा असणाऱ्यांसाठी थोडक्यात. विक्कामध्ये एक देवी आणि एक शिंगवाला देव यांची उपासना असते. पौर्णिमेला जमायचं, जमिनीवर वर्तुळ आखायचं, काळ्या मुठीचा सुरा वापरायचा, वर्षाचे आठ सण पाळायचे. दीक्षेच्या तीन पायऱ्या. दीक्षितांच्या छोट्या गटाला कोव्हन म्हणतात. स्त्रीला पुरुष दीक्षा देतो, पुरुषाला स्त्री. विधींची पोथी प्रत्येकाने आपल्या हाताने उतरवून घ्यायची. यातली सर्वात जुनी शाखा जेराल्ड गार्डनरपासून सुरू होते, म्हणून ती गार्डनेरियन.

गार्डनर १८८४ मध्ये लिव्हरपूलजवळ लाकडाच्या बड्या व्यापाऱ्याच्या घरी जन्मला. दम्यामुळे त्याची शाळा अशी झालीच नाही. १९०० मध्ये सिलोनच्या चहाच्या मळ्यात गेला, मग बोर्निओ, मग मलायात रबर, शेवटी तिथेच सरकारी नोकरी. मलायी क्रिस कट्यारींवर त्याने पुस्तक लिहिलं. १९३६ ला निवृत्त झाला आणि १९३८ मध्ये न्यू फॉरेस्टजवळ हायक्लिफला राहायला आला. पुढचं त्याच्या सांगण्यावरून: सप्टेंबर १९३९ मध्ये 'ओल्ड डोरोथी' नावाच्या श्रीमंत बाईच्या घरी त्याला दीक्षा मिळाली, विधी अर्ध्यावर असताना 'विका' हा शब्द कानावर पडला, आणि जुना धर्म जिवंत असल्याचं त्याला कळलं.

१७३५ चा चेटूकविरोधी कायदा १९५१ मध्ये रद्द झाला. १९५४ मध्ये गार्डनरचं 'विचक्राफ्ट टुडे' आलं. प्रस्तावना होती मार्गारेट मरे यांची. या इजिप्तविद्येच्या अभ्यासक. १९२१ मध्ये त्यांनी मांडलं होतं की खटल्यांत मारलेले लोक एका संघटित, जुन्या, ख्रिस्तपूर्व धर्माचे अनुयायी होते. एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकातला 'विचक्राफ्ट' हा लेखही १९२९ पासून चाळीस वर्षं मरेंचाच होता, म्हणजे दोन पिढ्यांनी हे मत ज्ञान म्हणून वाचलं. पुढे इतिहासकार नॉर्मन कोन यांनी १९७५ मध्ये मरेंचे उतारे मूळ कबुलीजबाबांशी लावून पाहिले. कबुलीजबाबांत बायका ससा झाल्याचं, गवताच्या काडीवरून उडाल्याचं सांगतात. छळ, भीती आणि चौकशी करणाऱ्यांचे प्रश्न यांतून आलेलं ते सगळं. मरे असले अशक्य भाग वगळत, मग उरलेलं जेवणखाण आणि नाचगाणं एखाद्या खऱ्या मेळाव्यासारखं दिसे. इतिहासकारांत तो सिद्धांत तिथेच संपला.

आता विधी बघा. मॅथर्सने १८८९ मध्ये इंग्रजीत आणलेल्या 'की ऑफ सॉलोमन' या मंत्रतंत्राच्या ग्रंथात वर्तुळ आहे, काळ्या मुठीचा सुराही आहे. गार्डनरच्या दीक्षेत डोळे बांधतात, गळ्यात दोरी असते, वर्तुळाच्या काठावर उभं करून छातीला शस्त्राचं टोक लावतात आणि आत यायची हिंमत आहे का, असं विचारतात. कुठल्याही फ्रीमेसनला, म्हणजे त्या नावाच्या गुप्त बंधुसंघटनेच्या सदस्याला, हे घरचं वाटेल, त्यांच्या पहिल्या पायरीची दीक्षा अशीच असते. पायऱ्याही तीनच. गार्डनर १९१० मध्येच कोलंबोत फ्रीमेसन झाला होता. याशिवाय इंग्लंडमधला गूढविद्येचा लेखक अलिस्टर क्रोली, त्याचे परिच्छेदच्या परिच्छेद पोथीत आहेत. क्रोलीला तो १ मे १९४७ ला हेस्टिंग्जला जाऊन भेटला होता.

आणि देवीच्या तोंडचा जो उपदेश विक्कन मंडळी सर्वात पवित्र मानतात, त्याची सुरुवात चार्ल्स लेलँडच्या १८९९ च्या 'अराडिया'तून घेतली आहे. लेलँडकडे देवीची मुलगी सांगते: महिन्यातून एकदा, चंद्र पूर्ण असताना, एखाद्या ओसाड जागी जमा. गार्डनरच्या पोथीत 'ओसाड'च्या जागी 'गुप्त' आलं. बाकी ओळ जवळपास तीच.

हे सगळं बाजूला काढल्यावर जुनं म्हणून काय उरतं, ते मला कुणीतरी दाखवा.

सातासमुद्रापार

मी साउदॅम्प्टनला अकरा वर्षं राहतो. न्यू फॉरेस्ट इथून गाडीने अर्ध्या तासावर आहे. त्यामुळे हा विषय माझ्यासाठी निव्वळ पुस्तकी नाही.

पानगळताई, तुमची मांडणी नीट आहे, पण तुम्ही पोथीचं वय काढलंत आणि तेच धर्माचं वय धरलंत. वारीचं वय छापील हरिपाठावरून कोणी काढत नाही.

विक्काच्या इतिहासाचे संशोधक फिलिप हेसेल्टन यांनी २००० पासून याच भागात कागद उकरलेत. जनगणना, मृत्युपत्रं, जुनी वर्तमानपत्रं, घरांचे व्यवहार. त्यातून गार्डनर यायच्या आधीच ओळखीपाळखीत असलेल्या माणसांचा एक गट डोळ्यांसमोर येतो. हायक्लिफजवळच्या क्राइस्टचर्चला एक रोझिक्रुशियन, म्हणजे गूढविद्येच्या अभ्यासकांचं, मंडळ होतं, त्यांचं स्वतःचं नाट्यगृह होतं, गार्डनर तिथे जायला लागला. त्या मंडळात काहीजण इतरांपासून जरा वेगळे बसायचे, त्यांच्याशी त्याचं जमलं. एडिथ वुडफर्ड-ग्राइम्स त्यातल्याच. वक्तृत्व शिकवणाऱ्या बाई, गार्डनर त्यांना 'डॅफो' म्हणायचा. या बाई खऱ्या आहेत, त्यांचं घर खरं आहे, पुढे विक्का उघडपणे वाढला तेव्हा त्या मागे सरल्या हेही खरं.

म्हणजे १९३९ मध्ये त्याला कुणीतरी काहीतरी दिलं. तो स्वतः म्हणायचा की मला तुकडे मिळाले, मधल्या जागा मी भरल्या. तुम्ही भरलेल्या जागा मोजता आणि तुकडे नव्हतेच म्हणता. 'घडवलेला' या शब्दात एका माणसाने टेबलावर बसून रचल्याचा वास येतो. तो मला मान्य नाही.

नीरक्षीर

दोघेही फार सौम्य बोलताय.

गार्डनर सिंगापूर विद्यापीठाची १९३४ ची डॉक्टरेट लावायचा. त्या साली सिंगापूर विद्यापीठ अस्तित्वातच नव्हतं. तुलूझची पदवी सांगायचा, तीही खोटी. जो माणूस स्वतःच्या नावापुढे खोटी पदवी लावतो, त्याने "मला जंगलातल्या बायकांनी दीक्षा दिली" म्हटलं की आपण लगेच नकाशे घेऊन घर शोधायला निघायचं?

१९५७ चं प्रकरण तर याहून गंभीर आहे. गार्डनरला वर्तमानपत्रांत झळकायची हौस होती आणि त्याने कोव्हनमधले लोक अडचणीत येत होते. कुणाची नोकरी, कुणाचं घर. म्हणून त्यांनी प्रसिद्धीवर काही मर्यादा घालणारे नियम लिहून त्याच्याकडे पाठवले. त्याने उलट कळवलं, नियमांची गरज नाही, आपले प्राचीन कायदे आहेतच. आणि जुन्या वळणाच्या इंग्रजीत लिहिलेली एक यादी पुढे केली, जी तोवर कुणी पाहिलीही नव्हती. त्यात एक कलम असं की मुख्य पुजारिणीचं वय झालं की तिने तरुण स्त्रीसाठी खुशीने जागा सोडावी.

परंपरेच्या नावाने बाईला गप्प बसवायचा हा प्रकार आपल्याला नवा नाही. तो इंग्लंडमध्ये घडला म्हणून त्याला अध्यात्म म्हणायला मी तयार नाही. आणि नव्वद लाख चेटकिणी जाळल्या हा आकडा! अठराव्या शतकातल्या एका जर्मन लेखकाच्या ढोबळ गणितातून तो आला आणि पुढे फुगत गेला. गार्डनरनेही तो उचलला. इतिहासकारांचा आजचा अंदाज चाळीस ते साठ हजारांच्या घरातला आहे, संपूर्ण युरोपासाठी, जवळजवळ तीन शतकांचा. त्यात पुरुषही होते. इंग्लंडमध्ये तर या गुन्ह्याला जाळत नसत, फाशी देत. साठ हजार हा आकडा काय कमी भयंकर आहे, की तो दीडशे पटीने वाढवावा लागावा?

डोरोथी वगैरे बाईही मला रचलेलीच वाटते.

उगमाकडे

सर्वांना नमस्कार. चर्चेत एक बाजू अजिबात आलेली नाही, ती म्हणजे भारत.

१. मार्गारेट मरे यांचा जन्म १८६३ चा, कलकत्त्याचा.
२. ज्या 'ओल्ड डोरोथी'बद्दल वर लिहिलंय त्या डोरोथी क्लटरबक, त्यांचा जन्म १८८० चा, बंगालमधला.
३. सातासमुद्रापार यांनी सांगितलेल्या क्राइस्टचर्चच्या मंडळात मेबल बेझंट-स्कॉट होत्या. या ॲनी बेझंटच्या कन्या. टिळकांच्या बरोबरीने होमरूलची चळवळ चालवणाऱ्या, अड्यारला थिऑसॉफीचं केंद्र सांभाळणाऱ्या बेझंटबाई!
४. विक्कन लोक नग्न उपासनेला 'स्कायक्लॅड' म्हणतात. शब्द फोडून बघा. आकाश हेच वस्त्र. दिगंबर!
५. विधींच्या पोथीला ते 'बुक ऑफ शॅडोज' म्हणतात. १९४९ च्या एका इंग्रजी मासिकात मीर बशीर या हस्तसामुद्रिकाचा याच नावाचा लेख आला होता, माणसाच्या सावलीवरून भविष्य सांगणाऱ्या संस्कृत पोथीबद्दल. आणि त्याच्या समोरच्या पानावर गार्डनरच्याच कादंबरीची जाहिरात.

स्त्रीशक्तीची पूजा, गुरूकडून दीक्षा, पौर्णिमा, मंडल. हे तंत्रमार्गाचंच रूप आहे असं मला प्रामाणिकपणे वाटतं. गार्डनर जवळपास छत्तीस वर्षं पूर्वेत होता, हे विसरू नका.

पानगळ

@उगमाकडे, तुमची माहिती बरोबर आहे आणि त्यातली पाचवी गोष्ट मला फार आवडते. ती शोधली डोरीन व्हॅलिएन्टेने, तिच्याकडे मी येतेच. पण या माहितीवरून तुम्ही जो निष्कर्ष काढता तिथे मी तुमच्याबरोबर येऊ शकत नाही.

मरे आणि डोरोथी यांचा जन्म भारतात झाला कारण त्यांचे वडील साम्राज्याच्या कामाने तिथे होते. त्या काळात इंग्लंडच्या मध्यमवर्गीय घरांतली कितीतरी मुलं अशीच जन्मली. त्यांच्यापैकी कुणी तंत्रमार्ग शिकून आलं याचा एकही धागा हाताला लागत नाही. 'स्कायक्लॅड' हे 'दिगंबर'चं भाषांतर आहे हे खरंच, पण ते जैन पंथाबद्दल लिहिताना इंग्रजीत आधीच रुळलेलं होतं. गार्डनरने शब्द घेतला. नग्नतेची सवय त्याला लागली ती इंग्लंडमधल्या निसर्गवादी क्लबांत, आजारपणात डॉक्टरांनी सुचवलं म्हणून. लंडनच्या उत्तरेला ब्रिकेट वुडचा त्याचा कोव्हन अशाच क्लबच्या आवारातल्या एका झोपडीत जमायचा.

'बुक ऑफ शॅडोज'चं तर बघा ना: गार्डनरने मासिकात एक सुंदर नाव पाहिलं आणि उचललं. सावलीच्या विद्येतलं काहीही विक्काच्या पोथीत नाही. नाव आलं, विद्या आली नाही. मला यात भारताचा गौरव दिसत नाही, गार्डनरची नजर दिसते. चांगली वस्तू पाहिली की तो ठेवून घ्यायचा. कट्यारी जमवणाऱ्या माणसाची नजर होती ती.

बेझंट-स्कॉट यांचा मुद्दा मात्र वजनदार आहे. त्या स्त्री-पुरुष दोघांना प्रवेश देणाऱ्या फ्रीमेसन शाखेच्या ब्रिटनमधल्या प्रमुख होत्या, ते सोडून इकडे आल्या. दीक्षेत स्त्री आणि पुरुष बरोबरीने उभे राहतात ही कल्पना त्या वर्तुळात कशी पोहोचली असेल, ते यातून कळतं.

@सातासमुद्रापार, गट होता हे मला मान्य. १९३९ मध्ये न्यू फॉरेस्टजवळ काही माणसं जमायची, यावर माझा वाद नाही. पण त्यांच्या हातात तरी काय होतं? १९२१ नंतर मरेंचं पुस्तक कुठल्याही ग्रंथालयात मिळत होतं. रोझिक्रुशियन, थिऑसॉफी, लोककथा वाचणारी ही मंडळी. त्यांनी ते वाचून १९२०-३० च्या दशकांत उपासना सुरू केली असेल, तर गार्डनरला मिळालेले तुकडेही फार तर पंधरा-वीस वर्षांचेच ठरतात. हेसेल्टननी माणसं शोधली, त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. त्या माणसांच्या मागे चारशे वर्षांची साखळी मात्र त्यांनाही दाखवता आलेली नाही.

सातासमुद्रापार

साखळी गावांत होती. इंग्लंडच्या खेड्यांत एकोणिसाव्या शतकापर्यंत मंत्र घालणारे, हरवलेली वस्तू सांगणारे, नजर उतरवणारे लोक होते, त्यांना 'कनिंग फोक' म्हणत. आपल्याकडच्या देवऋषीसारखे. बेल्टेन (मेचा आरंभ), सॅमहेन (ऑक्टोबरची अखेर) हे सणही कुणी १९५० मध्ये रचलेले नाहीत, ते आयर्लंड-स्कॉटलंडचे खरोखर जुने सण आहेत. विक्का हवेतून आला नाही एवढंच मी म्हणतोय.

पानगळ

सण जुने, हे कबूल. पण आठ सणांचं पूर्ण चक्र एकत्र कधी आलं? सुरुवातीला कोव्हन चार मोठे सण थाटाने पाळायचा. संपात-अयनाचे चार दिवस १९५८ च्या सुमाराला त्यांच्या बरोबरीला आणले गेले, आणि त्यामागे गार्डनरच्या ड्रुइड (प्राचीन केल्टिक उपासना नव्याने पाळणाऱ्या पंथातल्या) मित्राच्या, रॉस निकल्सच्या, चर्चांचा हात होता. विटा जुन्या, घर नवं.

आणि ते कनिंग फोक बायबलमधली स्तोत्रं म्हणत, येशूच्या आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने मंत्र घालत. स्वतःला ख्रिस्तीच समजत. चेटकिणींचा बंदोबस्त करण्यासाठी लोक त्यांच्याकडे जायचे. शिंगवाल्या देवाचं नाव घेतलं असतं तर तेच गाव सोडून पळाले असते.

सातपुडा

मूळ वादात पडत नाही, शब्दाबद्दल लिहितो. मी नंदुरबारच्या डोंगराळ भागात वाढलो. आमच्याकडे बाईला 'डाकीण' ठरवतात तेव्हा काय होतं ते मी लहानपणी जवळून पाहिलं आहे. आमच्या पाड्यातल्या एका म्हातारीच्या दारावरून पोरांना जाऊ देत नसत. तिने एकदा माझ्या हातावर भाजलेला मका ठेवला, तर घरी आल्यावर तो फेकून दिला आणि माझे हात राखेने धुतले. पुढे तिचं घर रिकामंच झालं. २०१३ च्या कायद्याने असं कुणाला ठरवून छळणं गुन्हा झाला, त्यासाठी माणसांनी आयुष्य वेचलं.

विक्कन मंडळी 'विच' हा शब्द अभिमानाने लावतात, तो त्यांचा हक्क. पण मराठीत लिहिताना त्यांना सरसकट 'चेटकीण' म्हणू नका. आमच्याकडे तो शब्द अजून जिवंत बायकांवर पडतो.

पानगळ

@सातपुडा, मान्य. मी पुढे 'विक्कन'च लिहीन. गार्डनरने 'विका' असं एका 'क'ने लिहिलं होतं, तेही माणसांसाठी. जुन्या इंग्रजीत 'विक्का' म्हणजे मंत्रतंत्र करणारा पुरुष, उच्चार 'विचा'च्या जवळचा.

रेवा

मी गेली सहा वर्षं टोरोंटोत एका विक्कन गटाच्या खुल्या सणांना जाते. दीक्षा घेतलेली नाही. तरी ज्यांच्याबद्दल इथे बोलणं चाललंय त्यांच्यात मी बसते-उठते, म्हणून लिहायचं धाडस करते.

आमच्या गटात कुणीही 'हे नवपाषाण युगातलं आहे' म्हणत नाही. इतिहासकार रोनाल्ड हटन यांचं १९९९ चं 'ट्रायम्फ ऑफ द मून' जवळजवळ प्रत्येकाच्या घरी आहे. इंग्लंडने जगाला दिलेला एकमेव धर्म, असं ते विक्काबद्दल म्हणतात आणि ते कौतुकाने म्हणतात. प्राचीनतेचा हट्ट धरणारे अजून आहेत, पण तुम्ही समजता तेवढे नाहीत. २०२१ च्या जनगणनेत इंग्लंड-वेल्समध्ये तेरा हजारांच्या आसपास लोकांनी धर्म म्हणून विक्का लिहिला आणि चौऱ्याहत्तर हजारांनी पेगन, म्हणजे ख्रिस्तपूर्व देवदेवतांना मानणारे. ही सगळी माणसं भुलवली गेलेली आहेत असं नीरक्षीर यांना म्हणायचं आहे का?

गेल्या ऑक्टोबरच्या शेवटी आम्ही एका घराच्या मागच्या अंगणात जमलो होतो. त्या वर्षी माझे बाबा पुण्यात वारले होते आणि मला वेळेवर पोहोचता आलं नव्हतं. सॅमहेनला गेलेल्यांची नावं घेतात. माझी पाळी आली तेव्हा मी बाबांचं नाव घेतलं, आणि अठरा अनोळखी माणसांनी ते आपल्या मोडक्यातोडक्या उच्चारात परत म्हटलं. तो विधी सत्तर वर्षांचा आहे की सात हजार, याचा विचार त्या क्षणी माझ्या मनात आला नाही. आजही येत नाही.

सार्वजनिक गणेशोत्सव १८९० च्या दशकातला आहे. म्हणून तो कुणाला खोटा वाटतो का?

नीरक्षीर

रेवाताई, तुमच्या वडिलांबद्दल वाचून वाईट वाटलं. तुमच्या अनुभवाला खोटं म्हणण्याचा माझा हेतू नाही, तसं वाटलं असेल तर माफ करा.

पण गणेशोत्सवाचं उदाहरण माझ्याच बाजूने जातं. तो कुणी सुरू केला, आधी कुठल्या साली, यावर आपण उघडपणे भांडतो. तो सनातन काळापासून असाच आहे असं सांगून कुणी टिळकांचं नाव पुसत नाही. गार्डनरने उलट केलं. स्वतः लिहिलं आणि 'हे जुन्यांचं' म्हणून लोकांच्या हातात दिलं. लोकांनी ते हाताने उतरवून घेतलं, जपलं. त्यांच्या विश्वासाशी तो खेळला.

पानगळ

खेळला, हो. आणि ते पकडलं त्याच्याच घरातल्या माणसाने. म्हणून मला व्हॅलिएन्टेबद्दल सविस्तर लिहायचंय.

डोरीन व्हॅलिएन्टे १९२२ ची, युद्धात ब्लेचली पार्कच्या, शत्रूचे सांकेतिक संदेश फोडणाऱ्या केंद्रात काम केलेली. १९५३ च्या उन्हाळ्यात गार्डनरने तिला दीक्षा दिली. तिने आधी भरपूर वाचलेलं होतं. पोथी हातात आली आणि तिला ओळीमागून ओळ क्रोलीची दिसायला लागली. नवी दीक्षित, तिशीतली, समोर सत्तरीकडे झुकलेला गुरू. तरीही ती सरळ त्याच्याकडे गेली आणि हे क्रोलीचं आहे म्हणाली. त्याने सांगितलं की मिळालेले विधी तुटक होते, म्हणून भर घालावी लागली. मग म्हणाला, तुला याहून चांगलं जमत असेल तर तू लिही.

तिने लिहिलं. क्रोली शक्य तितका काढला. देवीचा उपदेश आधी पद्यात केला, गटाला म्हणायला जड गेला, मग गद्यात केला. आज जगभर विक्कन मंडळी जो म्हणतात तो हाच. रेवा, तुम्ही ऐकत असालच. त्याची सुरुवात लेलँडची, काही तुकडे क्रोलीचे, आणि ज्या जागी देवी माणसाला सांगते की मी बाहेर सापडणार नाही, मला तुझ्या आत शोध, ती जागा तिच्या हातची. ज्यांना हा मजकूर हजारो वर्षांचा वाटतो, त्यांना दक्षिण इंग्लंडमधल्या एका मध्यमवर्गीय बाईने टेबलाशी बसून, खाडाखोड करून तो लिहिला हे ठाऊक नसतं. तिचं नाव तिथून पुसलं जातं ते मला सहन होत नाही.

१९५७ मध्ये ते 'प्राचीन कायदे' आले तेव्हा कोव्हनची मुख्य पुजारीण तीच होती, वय पस्तीस. तिने ती यादी वाचली, खोटी आहे हे ओळखलं आणि सोबत्यांना घेऊन बाहेर पडली. नीरक्षीर, तुम्ही म्हणता बाईला गप्प बसवायचा प्रकार. ती गप्प बसली नाही. १९८९ मध्ये स्वतःच्या पुस्तकात तिने हे सगळं लिहून ठेवलं. धर्म सोडला नाही, आणि खोटंही झाकलं नाही. खोट्या पदव्यांचा शोधही तिचाच.

रेवा

'मला तुझ्या आत शोध'. मला वाटलं होतं ती ओळ सगळ्यांत जुनी असेल. पुढच्या वेळी म्हणताना मी तिचं नाव आठवेन.

सातासमुद्रापार

व्हॅलिएन्टेबद्दल एक गोष्ट राहिली, आणि नीरक्षीर यांच्या 'डोरोथी रचलेली' या वाक्याचं उत्तरही त्यातच आहे.

१९८० मध्ये अमेरिकन इतिहासकार जेफ्री रसेल यांनी लिहिलं की ही ओल्ड डोरोथी बहुधा अस्तित्वातच नव्हती. व्हॅलिएन्टेने त्याच वर्षी सॅमहेनच्या सुमाराला शोध सुरू केला. जन्माचे, लग्नाचे, मृत्यूचे दाखले, चर्चची नोंदणी. इंग्लंडमध्ये जन्म सापडेना, कारण तो बंगालमधला निघाला. वडील तिथल्या फौजेत होते. शेवटी सगळं जुळलं. डोरोथी क्लटरबक खरी होती, हायक्लिफला मोठ्या घरात राहत होती, १९५१ मध्ये वारली. हा शोध १९८४ मध्ये छापून आला. ती बाई खरी असेल, तर गार्डनरची बाकीची गोष्टही सहज उडवून लावता येत नाही.

नीरक्षीर

बाई खरी होती, हे मला माहीत नव्हतं. तो शब्द मागे घेतो. पण बाई खरी असणं आणि तिने दीक्षा दिलेली असणं या दोन गोष्टी आहेत.

पानगळ

तिथेच तर अडतं. डोरोथीच्या १९४२ आणि १९४३ च्या दैनंदिन्या उपलब्ध आहेत. कविता, फुलं, पक्षी, बाग, चांगल्या स्वभावाची श्रद्धाळू ख्रिस्ती बाई. हटन यांनी त्या वाचून म्हटलं की चेटकाचा मागमूस त्यात नाही. गार्डनरने डॅफोला लोकांपासून वाचवण्यासाठी शेजारच्या या प्रतिष्ठित बाईचं नाव पुढे केलं असावं, असा तर्क आहे. मला तो पटतो.

सातासमुद्रापार

दैनंदिनीत लोक सगळंच लिहितात का? आणि १७३५ चा कायदा तेव्हा लागू होता, १९४४ मध्ये मृतात्म्यांशी बोलण्याचा दावा करणाऱ्या हेलन डंकनला त्याच कायद्याखाली तुरुंगात टाकलं होतं. त्या काळी कोण असं कागदावर ठेवेल? मी माझ्या मतावर आहे.

पानगळ

रहा, मी माझ्या. 'घडवलेला' या शब्दात एकाच माणसाचा हात दिसतो, हा तुमचा आक्षेप मात्र मी घेते. अनेकांचे हात होते, आणि पहिले काही हात गार्डनरच्या आधीचे होते.

फक्त एक सांगते, तुमच्या प्रतिसादानंतर तेच डोक्यात घोळतंय. गार्डनर १९६४ मध्ये जहाजावर वारला, ट्युनिसला पुरला गेला. व्हॅलिएन्टे त्याला सोडून गेली त्याला १९८० मध्ये तेवीस वर्षं झाली होती. त्याने काय काय रचलं हे तिच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. तरी एका परक्या इतिहासकाराने तो इथेही खोटं बोलला असं लिहिलं, तेव्हा ती उठली, दाखल्यांच्या कचेऱ्यांचे उंबरे झिजवले आणि त्याची एवढी एक गोष्ट खरी होती हे कागदोपत्री दाखवून दिलं.